पकडीचा दुहेरी हिशेब: ज्युदोसोबत वेट ट्रेनिंग सुरू केलेल्या ३९ वर्षांच्या ज्युदोकाचं प्रकरण

हे नमुना प्रकरण आहे. प्रौढ वयात मार्शल आर्टचा सराव सांभाळून ताकदीचा व्यायाम सुरू करणाऱ्यांच्या नेहमीच्या अडचणी एका व्यक्तीच्या वेळापत्रकात मांडल्या आहेत.

वय ३९, वजन ७८ किलो, बैठं काम, ज्युदोचा नऊ वर्षांचा सराव. आठवड्यात ९० मिनिटांचे तीन वर्ग. सोमवारी तंत्र, म्हणजे उचिकोमी (न फेकता डावात शिरण्याची पुनरावृत्ती) आणि थोडं नागेकोमी (प्रत्यक्ष फेकण्याची पुनरावृत्ती). बुधवारी आणि शनिवारी रांदोरी, म्हणजे जोडीदाराशी मोकळी झुंज. हे वेळापत्रक त्यांना वर्षानुवर्षं पेलत होतं. पुढे, रांदोरीत तरुण जोडीदार नुसत्या ताकदीवर दाबतात हे लक्षात आल्यावर त्यांनी जिम सुरू केली. निर्णय योग्यच होता. तिशी उलटल्यावर ताकद आपोआप टिकत नाही आणि फक्त मॅटवरच्या सरावाने ती फारशी वाढतही नाही. चुकलं ते वेळापत्रक.

जिमचे चार दिवस, प्रत्येकी एक तास. मंगळवारी पाठ आणि बायसेप्स: डेडलिफ्टचे (जमिनीवरून बार उचलणं) ५ सेट, हात सुटेपर्यंत पुल-अपचे ४ सेट, बारबेल रोचे (वाकून बार पोटाकडे ओढणं) ४, कर्लचे ३. गुरुवारी सकाळी सहाला पाय: स्क्वॉटचे ५ आणि रोमानियन डेडलिफ्टचे (गुडघे जवळपास सरळ ठेवून कंबरेतून वाकत) ४. शुक्रवारी छाती आणि खांदे. रविवारी ‘फुल बॉडी’, त्यात पुन्हा डेडलिफ्टचे ३ आणि पुल-अपचे ४. विश्रांतीचा एकही दिवस नाही. शिवाय स्पर्धेत ७३ किलोच्या वजनगटात उतरायचं म्हणून खाणंही कमी केलेलं.

पहिले चार-पाच आठवडे सगळं सुरळीत चाललं. वजनं दर आठवड्याला चढत होती. सहाव्या आठवड्यात उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला सकाळी दुखायला लागलं. मग बुधवारच्या रांदोरीत कंबर आखडू लागली. सातव्या आठवड्यापर्यंत डेडलिफ्ट १२० किलोवर अडकली होती, सेटमधली पाचवी रेप (उचल) निघत नव्हती. मॅटवरचं चित्र आणखी वाईट होतं. चार मिनिटांच्या तिसऱ्या फेरीनंतर जोडीदाराच्या बाहीवरची बोटं उघडू लागायची आणि सेओई नागेत (पाठीवर घेऊन फेकण्याचा डाव) वळताना कंबर मागे राहायची. ताकद वाढवायला जिम लावली आणि मॅटवर ती कमी पडू लागली, अशी त्यांची तक्रार होती.

सगळ्यात आधी धोक्याच्या खुणा तपासल्या. करंगळी आणि अनामिकेत मुंग्या येणं, कंबरेपासून गुडघ्याखाली उतरणारी कळ, पायात बधिरपणा, रात्री झोपेतून उठवणारी वेदना. यातलं एकही लक्षण असतं तर वेळापत्रकाची चर्चा थांबवून डॉक्टरांकडे पाठवणं हाच मार्ग होता. इथे तसं काही नव्हतं. मूठ बंद करून मनगट आत वळवताना विरोध केला, की कोपराच्या आतल्या हाडाच्या उंचवट्यावर नेमकं दुखायचं. बोटं आणि मनगट मिटवणारे बरेच स्नायू याच ठिकाणाहून निघतात. तिथल्या कंडरेवर (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) पेलवणार नाही इतकं काम पडलं होतं.

मग भार मोजला. त्यासाठी व्यायामशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांची सेशन-आरपीई (जाणवलेल्या श्रमाचे गुण) पद्धत पुरेशी आहे: सराव संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने तो एकूण किती जड गेला याला ० ते १० मध्ये गुण द्यायचे आणि त्या गुणांना मिनिटांनी गुणायचं. सोमवारचा तंत्राचा वर्ग ९० गुणिले ४, म्हणजे ३६०. बुधवार ९० गुणिले ८, म्हणजे ७२०. शनिवार ९० गुणिले ७, म्हणजे ६३०. ज्युदोचे एकूण १७१०. जिमचे चार दिवस ६० गुणिले ७ प्रमाणे १६८०. म्हणजे १७१० ची सवय असलेल्या शरीरावर मध्ये टप्पे न ठेवता ३३९० चा भार आला, जवळपास दुप्पट, आणि तोही कमी खाण्यावर.

पण या आकड्याने अर्धंच निदान होतं. एकूण भार दुप्पट झाला म्हणून नेमकं कोपरच का दुखलं? त्यासाठी दुसरी यादी केली: जिमच्या कुठल्या सेटमध्ये बार पकडून धरावा लागतो किंवा ओढावं लागतं? मंगळवारी १६, गुरुवारी रोमानियन डेडलिफ्टचे ४, रविवारी ७. आठवड्याला २७ सेट. हे सगळं रांदोरीच्या वर. रांदोरीत बोटं जाड कापडात रुतलेली असतात, मनगट आत मुडपलेलं असतं आणि समोरचा माणूस ती पकड झटका देऊन तोडत असतो. बार निदान हातातून हिसकावला जात नाही, जुडोगी (ज्युदोचा जाड पोशाख) जाते. कुमीकाता, म्हणजे जुडोगी धरण्याची झटापट, हाच पकडीचा आणि ओढण्याचा जबर व्यायाम आहे. त्यामुळे बुधवारी रात्री थकलेल्या कंडरेला मंगळवारचीही विश्रांती मिळालेली नसायची आणि गुरुवारी पहाटे पुन्हा बार हातात यायचा.

कंबरेची गोष्ट तीच. पुढे झुकून उभं राहायचं, जोडीदाराचा ओढा सोसायचा, त्याला पाठीवर घेऊन वळायचं: पाठीचा कणा ताठ ठेवणाऱ्या स्नायूंचं हे सततचं काम आहे. त्यावर आठवड्यातून तीनदा डेडलिफ्टचा कुठला तरी प्रकार म्हणजे त्याच स्नायूंची तीच मजुरी.

आमचं मत इथे स्पष्ट आहे. मार्शल आर्ट करणाऱ्याने वेट ट्रेनिंगची आखणी ‘पाठीचा दिवस, छातीचा दिवस’ अशी करू नये. ती आखणी ज्यांचा दुसरा कुठला खेळ नाही त्यांच्यासाठी असते. आधी पाहायचं की मॅटवर शरीराचा कुठला भाग किती राबतो. तो भाग जिममध्ये कमी, आणि मॅटवर ज्याला पुरेसं काम मिळत नाही तो जास्त. ज्युदोत ओढणं भरपूर आणि ढकलणं कमी. पाय सतत काम करतात, पण मोठ्या वजनाखाली पूर्ण वाकून उठणं क्वचितच. एका पायावर भार घेणं असतं, पण तंत्राच्या ओघात, कमाल जोराने नाही. जिमने ही कसर भरून काढायची असते.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. ‘दमसासाचा सराव ताकद खातो’ असं सर्रास म्हटलं जातं. त्यामागे संशोधक रॉबर्ट हिक्सन यांचा १९८० चा अभ्यास आहे. त्यात दोन्ही प्रकारचा सराव एकत्र करणाऱ्यांची पायांची ताकद सुरुवातीला चांगली वाढली आणि दहा आठवड्यांच्या शेवटच्या टप्प्यात थांबून किंचित घसरली. मात्र ती माणसं आठवड्यात पाच दिवस ताकदीचा आणि सहा दिवस दमसासाचा जोरदार व्यायाम करत होती. आठवड्यात तीन ज्युदोचे वर्ग आणि दोन जिम एवढ्यावर असा बाऊ करण्याचं कारण नाही. या प्रकरणातला अडथळा साध्या थकव्याचा होता.

पहिले दोन आठवडे फक्त कमी करण्याचे होते. जिम आठवड्यातून एकदा, ४० मिनिटं. डेडलिफ्ट, पुल-अप आणि कर्ल बंद. रांदोरी बंद केली नाही, कारण पूर्ण विश्रांतीने कंडरा बळकट होत नाही, उलट परतल्यावर तिला जुना भार आणखी जड जातो. फेऱ्या सहावरून तीनवर आणल्या आणि वेदनेची मर्यादा ठरवली: सराव करताना १० पैकी ३ पर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीच्या पातळीवर आलेली असली पाहिजे. नसेल तर कालचा भार जास्त होता.

कोपरासाठी रोज एक व्यायाम. हात टेबलावर टेकवायचा, तळवा वर, मनगट टेबलाच्या कडेबाहेर. ४ किलोचा डंबेल मनगट सरळ ठेवून ४५ सेकंद नुसता धरून ठेवायचा. पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. तिसऱ्या आठवड्यापासून हाच व्यायाम दिवसाआड आणि हालचालीसह: मनगट तीन सेकंदांत वर, चार सेकंदांत खाली, १२ रेप्सचे ३ सेट. इथे ३ किलोपासून सुरुवात. बहुतेक जण या व्यायामात घाई करतात आणि वजन हिसका देऊन उचलतात. खाली सोडण्याचा संथपणा गेला की व्यायामाचा अर्थच जातो.

वजनगटाचा प्रश्न बोलून सोडवला. ७८ किलोचा माणूस ८१ च्या गटात आरामात बसतो. भार वाढवणं आणि त्याच काळात पाच किलो उतरवणं ही दोन टोकांना ओढणारी कामं आहेत. वजन उतरवणं पुढे ढकललं. प्रथिनं दर किलोमागे १.६ ग्रॅम, म्हणजे दिवसाला साधारण १२५ ग्रॅम, आणि रांदोरीच्या दिवशी पिष्टमय पदार्थ पोटभर.

तिसऱ्या आठवड्यापासून नवं वेळापत्रक. सोमवारी सकाळी जिमचं ‘अ’ सत्र आणि संध्याकाळी तंत्राचा वर्ग. बुधवारी रांदोरी. गुरुवारी संध्याकाळी जिमचं ‘ब’ सत्र. शनिवारी रांदोरी. मंगळवार, शुक्रवार आणि रविवार मोकळे. जिमची दोन्ही सत्रं ४५ मिनिटांची आणि १० पैकी ६ एवढ्याच जोराची. म्हणजे जिमचे ५४० आणि ज्युदोचे १७१०, एकूण २२५०.

सोमवारी एकाच दिवशी दोन गोष्टी ठेवल्याचं अनेकांना खटकतं, पण तसं केल्यानेच मंगळवार पूर्ण मोकळा मिळतो. दोन अर्धवट थकवणारे दिवस ठेवण्यापेक्षा एक जड आणि एक रिकामा दिवस शरीराला जास्त मानवतो. सकाळी वेळ नसेल आणि दोन्ही संध्याकाळीच करायचं असेल तर आधी तंत्र, मग वजन. दमलेल्या अंगाने केलेली उचिकोमी चुकीचा पवित्रा पक्का करते. वजन जास्त जड वाटलं तर ते कमी करता येतं.

गुरुवारचं पहाटेचं सत्र संध्याकाळी नेण्याचं कारण झोप. बुधवारचा वर्ग रात्री नऊला संपायचा, अंग शांत होऊन झोप लागेपर्यंत बारा वाजायचे आणि पाचला गजर. पाच तासांच्या झोपेवर स्क्वॉट करणं हे या प्रकरणातलं सगळ्यात सहज टाळता येण्याजोगं नुकसान होतं.

‘अ’ सत्र, रविवारच्या विश्रांतीनंतर पकड ताजी असताना:

आठ मिनिटं वॉर्म-अप; उभ्याने लांब उडी, ३ उड्यांचे ४ सेट, मध्ये पूर्ण दम घेऊन.
हेक्स बार (षटकोनी बार) डेडलिफ्ट, ३ रेप्सचे ३ सेट.
बेंच प्रेस, ५ रेप्सचे ३ सेट.
छाती बाकावर टेकवून डंबेल रो, ८ रेप्सचे २ सेट, मनगटाला पट्टे लावून, म्हणजे बोटांवर जोर कमी येतो.
मानेसाठी चारही दिशांना हाताने विरोध देऊन १० सेकंद धरणं, २ वेळा.

‘ब’ सत्र, रांदोरीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणून पकडीचं काम जवळजवळ नाही:

फ्रंट स्क्वॉट, हात आडवे घेऊन, ५ रेप्सचे ३ सेट.
मागचा पाय बाकावर ठेवून स्प्लिट स्क्वॉट, दोन्ही पायांवर ६ रेप्सचे २ सेट.
एक गुडघा टेकवून एका हाताने डंबेल प्रेस, ६ रेप्सचे ३ सेट.
रबर बँड चेहऱ्याकडे ओढणं, १५ रेप्सचे २ सेट.
कोपन्हेगन प्लँक (कुशीवर, वरचा पाय बाकावर टेकवून अंग उचलून धरणं), दोन्ही बाजूंना २० सेकंद, २ वेळा.

साध्या बारऐवजी हेक्स बार घेतला, कारण त्याच्या मुठी अंगाच्या दोन्ही बाजूंना येतात. वजन पायांच्या रेषेत राहतं, धड कमी झुकतं आणि कंबरेवरचा ताण उतरतो. फ्रंट स्क्वॉटमध्ये हात आडवे घेतले की मनगट आणि कोपर मोकळे राहतात. बार खांद्यांवर टेकतो, बोटांनी तो फक्त जागेवर राखायचा. रोमध्ये पट्टे लावण्याला काही प्रशिक्षक नाक मुरडतात. ‘पकड कमजोर होईल’ म्हणतात. आठवड्यात दोन रात्री जुडोगी धरणाऱ्याची पकड दोन सेट पट्ट्यांमुळे कमजोर होत नाही. पकडीचे २७ सेट आता तीनवर आले होते. रोचे दोन पट्ट्यांवर जात होते, बँडला जोराची पकड लागत नाही.

प्रत्येक सेट संपताना निदान दोन रेप्स शिल्लक वाटल्या पाहिजेत. तीनही सेट असे झाले तर पुढच्या वेळी अडीच किलो वाढवायचे, नाहीतर वजन तेच. झोप सहा तासांहून कमी झाली असेल किंवा बुधवारच्या रांदोरीला ९ गुण दिले असतील, तर वजन तेच ठेवून प्रत्येक व्यायामाचा एक सेट वगळायचा. वजन कमी करून सेट तेवढेच ठेवायचे हा उलटा उपाय लोक करतात. थकवा येतो तो प्रामुख्याने सेटच्या संख्येने, आणि ताकद टिकते ती वजनाने.

मधल्या काळात दोनदा गाडी रुळावरून घसरली.

चौथ्या आठवड्यात कोपराची वेदना जवळजवळ गेली. उत्साहात गुरुवारी पुल-अपचे चार सेट झाले. शुक्रवारी सकाळी वेदना ५ वर आणि शनिवारी दुसऱ्याच फेरीत पकड सुटली. कंडरेचं हे नेहमीचं आहे: वेदना आधी उतरते, भार पेलण्याची क्षमता नंतर येते. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतात, कंडरेला महिने लागतात. एक आठवडा मागे जाऊन पुन्हा ४५ सेकंद धरण्याच्या व्यायामापासून सुरुवात केली.

दुसरी घसरण पायांची. त्याच सुमारास स्प्लिट स्क्वॉटचे सेट दोनाचे चार करण्यात आले. शनिवारी मांड्या इतक्या भरून आल्या होत्या की ओसोतो गारीत (पायाने समोरच्याचा पाय मागून छाटण्याचा डाव) आधाराच्या पायावर उभं राहणं जड गेलं. अनोळखी व्यायामात, विशेषतः खाली जाताना स्नायू ताणला जात असताना, आलेली ठणक २४ ते ७२ तासांत सर्वाधिक असते, आणि गुरुवार ते शनिवार हे अंतर नेमकं त्याच टप्प्यात येतं. इलाज सोपा: कुठलाही नवा व्यायाम पहिल्या आठवड्यात फक्त एक किंवा दोन सेट, तेही हलके. दोन-तीन आठवड्यांत स्नायू सरावतो आणि तीच संख्या ठणकेशिवाय निभते. हळूहळू तीन सेटपर्यंत नेल्यावर पुन्हा तक्रार आली नाही.

आठव्या आठवड्यात ठरवून हलका आठवडा घेतला: वजनं तीच, सेट निम्मे, रांदोरी चालू.

बाराव्या आठवड्याअखेरची स्थिती अशी. हेक्स बार १०० किलोवरून १२० वर, तीन रेप्स, दोन शिल्लक. साध्या बारच्या १२० शी याची थेट तुलना करू नये. हेक्स बारवर बहुतेकांना जास्तच उचलता येतं. फ्रंट स्क्वॉट ६० वरून ७५ किलो. उभ्याने लांब उडी १९८ सेंटिमीटरवरून २०९. कोपर सकाळी दुखत नाही, जोराच्या रांदोरीनंतर १ किंवा २. चार मिनिटांच्या पाच फेऱ्यांपर्यंत पकड टिकते. बेंच प्रेस फक्त पाच किलोंनी वाढला, आणि ज्युदोकासाठी तेवढं पुरेसं आहे.

जे झालं नाही तेही नोंदवायला हवं. उची माता हा मांडीने उडवून फेकण्याचा डाव होता तिथेच आहे. डाव्या हाताचा ओढा अजून उशिरा येतो, कुझुशी (समोरच्याचा तोल बिघडवणं) अपुरी पडते. हा वेळ साधण्याचा दोष आहे, त्याला सोमवारचा वर्गच लागेल. स्क्वॉटमध्ये आणखी दहा किलो चढवून तो सुटणार नाही, आणि तसा प्रयत्न करण्याचा मोह मात्र जिममध्ये हमखास होतो.

ज्युदोऐवजी दुसरा प्रकार असता तर यादी बदलली असती. कराटे किंवा तायक्वांदोत पकड ताजी असते. राबतात त्या जांघा आणि मांडीचे मागचे स्नायू, म्हणून उंच किकच्या सरावाच्या आदल्या दिवशी रोमानियन डेडलिफ्ट नको, आणि पुल-अप मात्र खुशाल करावेत. गी (जुडोगीसारखा पोशाख) घालून ब्राझिलियन जिउ-जित्सू करणाऱ्याला मात्र इथला पकडीचा हिशेब जवळजवळ जसाच्या तसा लागू पडेल, मानेवरचा भार त्यात वेगळा मोजावा लागेल.

पुढच्या बारा आठवड्यांसाठी पुल-अप परत आणले आहेत, पण सोमवारी, तळवे समोरासमोर येतील अशा मुठींवर, ५ रेप्सचे २ सेट, रोच्या जागी. चार आठवडे सकाळची वेदना १ च्या वर गेली नाही तरच तिसरा सेट. स्पर्धा ठरली तर आधीचे दोन आठवडे ‘ब’ सत्र पूर्ण बंद आणि ‘अ’ सत्रात वजन तेच ठेवून सेट निम्मे. शेवटचं जड डेडलिफ्ट लढतीच्या निदान पाच दिवस आधी. आणि आठवड्यात रांदोरीचा आणखी एक वर्ग वाढवायचा झाला, तर त्या आठवड्यापासून हेक्स बारचा एक सेट आणि पुल-अप दोन्ही वगळायचे. कोपर आणि कंबर तीन आठवडे शांत राहिल्यावर ते एकेक करून परत आणायचे.